‘ट्रोल’ या शब्दाआड दडलेली झुंड

मराठी वृत्तपत्रांच्या पानांवर गेल्या दहाएक वर्षांत एका परभाषिक शब्दाने पक्के ठाण मांडले आहे. अमुक अभिनेत्री ट्रोल झाली, तमुक नेत्याला ट्रोल करण्यात आले, एखाद्या लेखकाला आपल्या विधानामुळे ट्रोल व्हावे लागले, अशी वाक्ये वाचली नाहीत असा दिवस सहसा जात नाही. शब्द आता इतका रुळला आहे की शाळकरी मुलेही वर्गातील थट्टेसाठी तो वापरतात. परंतु अशी बातमी वाचून संपल्यावर वाचकाच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. त्या अभिनेत्रीच्या कामावर कोणी टीका केली, की तिला अर्वाच्य शिव्या देण्यात आल्या? बोलणारी माणसे दहा होती की दहा हजार? ती आपापल्या मनाने बोलली, की कोणी त्यांना कामाला लावले होते? यांपैकी कशाचाच उलगडा ‘ट्रोल’ या शब्दातून होत नाही. शिवाय ‘ट्रोल झाली’ या क्रियापदात कर्ताच नसतो. पाऊस पडावा किंवा साथ यावी तसे हे संकट आपोआप कोसळले, असा भास त्यातून होतो.

सामाजिक व्यवहारातील एखाद्या शब्दाचा अर्थ सैल झाला म्हणून एरवी कोणी चिंता करण्याचे कारण नाही. येथे मात्र या सैलपणाची किंमत प्रत्यक्ष माणसांना मोजावी लागत आहे, आणि त्याचा लाभ नेमका ज्यांना मिळू नये त्यांना मिळत आहे.

अर्थाची उलटापालट

इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ मासेमारीशी निगडित आहे. होडीच्या मागे गळ सोडून, त्याला आमिष लावून, ती होडी हळूहळू पुढे न्यायची, या पद्धतीला तेथे ‘ट्रोलिंग’ म्हणतात. स्कँडिनेव्हियाच्या लोककथांतील गुहेत राहणारा कुरूप राक्षस, हा याच उच्चाराचा दुसरा शब्द. संगणकांच्या जाळ्यावरील चर्चामंडळांत १९९० च्या सुमारास हा शब्द आला, तेव्हा त्यात या दोन्ही छटा मिसळल्या. मुद्दाम चिथावणीखोर विधान टाकून इतरांना भांडायला लावायचे आणि आपण दूर बसून मजा पाहायची, अशा माणसाला ‘ट्रोल’ म्हणू लागले. म्हणजे मूळ कल्पनेत एक माणूस अनेकांना छळत असे.

भारतात, आणि विशेषतः मराठीत, हे चित्र नेमके उलटे झाले. आपल्याकडे अनेक जण मिळून एकाला छळतात, तेव्हा ‘ट्रोल करणे’ हा प्रयोग होतो. अमेरिकेत या प्रकाराला वेगळा बोलीतला शब्द आहे. ‘डॉगपाइल’ असे तो म्हटला जातो. बेसबॉलचा अंतिम सामना जिंकल्यावर आनंदाच्या भरात सारे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या टाकून जो ढीग रचतात, त्यालाही हेच नाव आहे. एकाच शब्दाने जल्लोष आणि हल्ला या दोहोंचा बोध व्हावा, हे वाटते तितके विचित्र नाही. ढिगाच्या वरच्या थरात असणाऱ्याला तो जल्लोषच वाटतो. खाली कोण चिरडले जात आहे, हे वरून दिसत नाही.

मराठीतील काही वृत्तपत्रांनी ‘ट्रोल’साठी ‘जल्पक’ हा प्रतिशब्द वापरात आणला. तो विचारपूर्वक घडवलेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, भल्याबुऱ्या युक्त्या वापरून होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचे फक्त खंडन करायचे ती वितंडा. तथापि या तिन्ही प्रकारांत समोरासमोर दोन पक्ष असतात आणि दोघांनाही बोलण्याची पाळी येते. हजार जण एकावर तुटून पडतात, त्यात पाळी नसते, पक्ष नसतो, उत्तराची अपेक्षाही नसते. त्या हजारांतील प्रत्येकाला जल्पक म्हणणे म्हणजे त्यांना नको तितका बौद्धिक मान देणे होय. त्यांना योग्य असा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे, आणि तो म्हणजे झुंड.

एका शब्दात तीन गोष्टी

वस्तुतः ‘ट्रोल’ या एकाच नावाखाली आज तीन भिन्न गोष्टी नांदत आहेत. पहिली गोष्ट म्हणजे टीका. सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या कृतीबद्दल किंवा विधानाबद्दल असंख्य नागरिक स्वतंत्रपणे नापसंती व्यक्त करतात. तिचा सूर तिखट असेल, उपरोधिक असेल, पण तो त्यांचा हक्क आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कोणीही न ठरवता जमलेली झुंड, जी कृतीवरून माणसावर आणि माणसावरून त्याच्या घरादारावर, जातीधर्मावर घसरते. तिसरी गोष्ट म्हणजे ठरवून, वाटून दिलेल्या मजकुरासह चालवलेली मोहीम.

२०२१ च्या ऑक्टोबरात दुबईत झालेल्या विश्वचषक टी-ट्वेंटी सामन्यात पाकिस्तानने भारताचा दहा गडी राखून पराभव केला. महंमद शमीने त्या सामन्यात चार षटकेही पुरी न टाकता ४३ धावा दिल्या होत्या. त्याची गोलंदाजी वाईट झाली, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला होता. परंतु त्यानंतर समाजमाध्यमांवर जे उसळले, त्याचा गोलंदाजीशी संबंध नव्हता. त्याच्या धर्माकडे बोट दाखवून त्याच्या निष्ठेवर संशय घेण्यात आला. त्या दिवशी वाईट खेळलेला तो काही एकटा नव्हता. कर्णधार विराट कोहलीने काही दिवसांनी पत्रकार परिषदेत या प्रकाराचा उघड निषेध केला. परंतु बहुतेक बातम्यांचा मथळा एकच राहिला, तो म्हणजे ‘शमी ट्रोल’. खराब षटकाबद्दल नाराज झालेला प्रेक्षक आणि धर्मावरून शिवी देणारा इसम हे दोघे एकाच शब्दाच्या छत्राखाली उभे राहिले.

याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही घातक आहेत. एकीकडे, रास्त टीका झाली तरी सत्ताधाऱ्याला, उद्योगपतीला किंवा प्रतिष्ठिताला ‘हे ट्रोल आहेत’ असे म्हणून ती झटकून टाकता येते. दुसरीकडे, संघटित शिवीगाळ करणाऱ्यांना आपण ‘जनमत’ आहोत अशी बतावणी करता येते. म्हणजे सज्जन टीकाकाराला गुंडाचे नाव मिळते आणि गुंडाला टीकाकाराचा दर्जा मिळतो.

स्वस्ताईचे अर्थशास्त्र

माणसे पूर्वीपेक्षा अधिक दुष्ट झाली आहेत, असे मानण्याचे कारण नाही. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. उपस्थितांची नावे पुढे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपभर चहावरून शहर कोणाच्या अंगावर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले आहे. मात्र त्या ग्रामण्यात भाग घेणाऱ्यालाही काही किंमत मोजावी लागे. त्याला उघडपणे, स्वतःच्या नावाने, शेजाऱ्याशी संबंध तोडावे लागत. लग्नकार्यात, श्राद्धपक्षात, रोजच्या देवघेवीत त्याची झळ त्यालाही बसे.

आज बदलला आहे तो हा खर्च. मॅन्कर ऑल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये असे दाखवून दिले की मोठे समूह सहसा एकत्र कृती करीत नाहीत, कारण श्रम प्रत्येकाला करावे लागतात आणि फळ मात्र सर्वांत वाटले जाते. ग्राहकांची संघटना उभी राहत नाही, शेतमजुरांचा संघ टिकत नाही, याचे एक कारण हेच. परंतु कृतीचा खर्चच शून्यावर आला तर हा अडसर उरत नाही. अंगठ्याच्या एका स्पर्शाने दुसऱ्याचा मजकूर पुढे ढकलणाऱ्याचे काहीच जात नाही. त्याच्या लेखी ती एक टिचकी असते. ज्याच्यावर अशा पन्नास हजार टिचक्या पडतात, त्याचे नुकसान मात्र पन्नास हजार पटींनी साठत जाते. कारखान्याचा धूर जसा मालकाच्या हिशेबात येत नाही आणि वस्तीच्या छातीत साठतो, तसाच हा प्रकार आहे. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात.

झुंड कशी वाढते, याचा एक साधा आणि विलक्षण खुलासा समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७८ मध्ये केला. चौकात शंभर माणसे उभी आहेत असे समजा. त्यांतील एक जण कोणाचीही वाट न पाहता दगड मारील; दुसरा एकाने मारल्यावर मारील; तिसरा दोघांनी मारल्यावर; आणि शंभरावा नव्याण्णव जणांनी मारल्यावर. अशा स्थितीत शंभरही जण दगड मारतील. आता यांतील फक्त दुसरा माणूस बदला. एकाऐवजी दोघांनी मारल्याशिवाय हात न उचलणारा माणूस तेथे ठेवा. मग पहिला दगड पडेल आणि तेथेच सारे थांबेल. माणसांचे स्वभाव जवळपास तेच, पण एका ठिकाणी दंगल आणि दुसऱ्या ठिकाणी एका माथेफिरूचा खोडसाळपणा. तात्पर्य असे की झुंडीच्या आकारावरून तिच्या मतांची तीव्रता मोजता येत नाही. शंभरावा माणूस तेथे रागाने आलेला नसतो. नव्याण्णव जण आहेत म्हणून आलेला असतो.

यात आणखी एका पक्षाचा हिशेब आहे. माहितीची रेलचेल झाली की माणसाचे अवधान दुर्मीळ होते, असे हर्बर्ट सायमन याने १९७१ मध्येच सांगून ठेवले होते. समाजमाध्यमांच्या कंपन्या हे दुर्मीळ अवधान गोळा करून जाहिरातदारांना विकतात. संतापलेला माणूस पडद्यासमोरून लवकर उठत नाही. भांडण जितके मोठे, तितका माल अधिक. कंपन्यांनी वैर पेरावे असा कट असण्याची गरज नाही. वैर थांबवण्यात त्यांचा फायदा नाही, एवढे पुरेसे आहे. ट्विटरवर दुसऱ्याचा मजकूर एका स्पर्शात पुढे पाठवणारे बटण २००९ मध्ये आले. ते तयार करणाऱ्या अभियंत्याने दहा वर्षांनी आपल्या त्या कामाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कायद्याची अडचण

झुंडीच्या दडपणाला भारताने दिलेला एक शब्द जगभर गेला. तो म्हणजे घेराव. १९६७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये संयुक्त आघाडीचे सरकार आले आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांना कामगारांनी तासन् तास कोंडून ठेवण्याचे प्रकार वाढले. सरकारने परिपत्रके काढून, मजूरमंत्र्यांना विचारल्याशिवाय पोलिसांनी अशा प्रसंगी हस्तक्षेप करू नये, असे सांगितले. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापुढे गेले तेव्हा न्यायालयाने प्रथम ‘घेराव’ म्हणजे काय, ते निश्चित केले. एखाद्या व्यक्तीला किंवा जागेला वेढून अथवा बळाने व्यापून मागणी मान्य करण्यास भाग पाडणे, असा त्याचा आशय होता. मग न्यायालयाने सांगितले की संप करण्याचा, संघटित होण्याचा कामगारांचा हक्क अबाधित आहे; परंतु कोणास कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे आणि घेराव असे नाव दिल्याने तो गुन्हा राहत नाही असे होत नाही. ती परिपत्रके रद्द झाली. त्या निकालाच्या गुणदोषांबद्दल कामगार चळवळीत मतभेद असतील; पण आधी अर्थ आणि मग निवाडा, हा क्रम अनुकरणीय होता.

‘ट्रोल’च्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात घातलेले आणि २००९ पासून अमलात आलेले ६६-अ हे कलम ‘अतिशय आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ अशा सैल शब्दांवर उभे होते आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. त्याचा पहिला मोठा फटका झुंडीला बसला नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शवली. अटक झाली ती या दोघींना. आणि त्याच सुमारास जमावाने त्या तरुणीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड केली. जिच्यावर झुंड चालून गेली तीच कायद्याने आरोपी ठरली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले, ते योग्यच झाले.

आज भारतीय न्याय संहितेत धमकी, पाठलाग, बदनामी, स्त्रीच्या प्रतिष्ठेचा अवमान यांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. पण ती सारी एका व्यक्तीच्या एका कृत्याकडे पाहतात. पन्नास हजारांतील प्रत्येकाने ‘लाज वाटू दे’ एवढेच लिहिले असेल, तर त्यांतील एकही जण गुन्हेगार ठरत नाही आणि तरीही एखादे आयुष्य उद्ध्वस्त झालेले असते. सामूहिक इजेला कायद्यात जागाच नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये केलेला आणि २०१७ पासून अमलात आलेला कायदा जातपंचायतींच्या सामूहिक कृतीलाच अपराध मानतो, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद करतो. परंतु तो कायदा करता आला, कारण बहिष्काराचे प्रकार आधी कलमवार नोंदवले गेले. अर्थ निश्चित न करता ‘ट्रोलिंगविरोधी’ कायदा झाला, तर तो ६६-अ च्याच वाटेने जाईल आणि त्याचा पहिला बळी एखादा विद्यार्थीच असेल.

उपाय कोठे आहे

मग करायचे काय? खर्च शून्यावर आल्यामुळे रोग वाढला असेल, तर थोडासा खर्च पुन्हा लावणे, हा उपाय सुचतो. त्याचा अनुभवही आहे. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवण्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणली गेली, आणि अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले असे कंपनीनेच सांगितले. कोणाचे तोंड दाबले गेले नाही. फक्त हात थोडा जड झाला. अशी मर्यादा घालता येते, हे सिद्ध झाल्यावर ती इतरत्र का घातली जात नाही, हा प्रश्न सरकारने कंपन्यांना विचारला पाहिजे.

दुसरी जबाबदारी वृत्तपत्रांची आहे. चार अनामिकांची शेरेबाजी गोळा करून ‘नेटकऱ्यांनी झोडपले’ अशी बातमी करणे म्हणजे ग्रॅनोव्हेटरच्या चौकातील दुसऱ्या माणसाची भूमिका स्वतःकडे घेणे होय. टीका झाली असेल तर टीका म्हणावे आणि तिचा मुद्दा सांगावा. झुंड जमली असेल तर झुंड म्हणावे. मोहीम असेल तर ती कोणाची, हे शोधून छापावे. हा पत्रकारितेचा जुनाच धर्म आहे.

हा प्रश्न केवळ नामवंतांचा नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१९ च्या निवडणुकीच्या काळात भारतातील ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख करणाऱ्या ट्विटरवरील संदेशांपैकी साधारण सातांत एक संदेश आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचा आढळला. पक्षाचे पाठबळ असलेल्यांची ही गत असेल, तर पालिकेच्या कारभाराबद्दल चार ओळी लिहू पाहणारी शिक्षिका, खात्यातील गैरप्रकाराबद्दल बोलू पाहणारा कारकून किंवा वर्गात वेगळे मत मांडू पाहणारा विद्यार्थी काय ठरवील? तो गप्प बसेल. त्याच्या गप्प बसण्याची कोठे नोंद होत नाही, कोणी त्याची बातमी करीत नाही. आणि या साऱ्या प्रकाराची सर्वांत मोठी किंमत तीच आहे.

अमेरिकी फुटबॉल हा अंगाला अंग भिडवून खेळण्याचा दांडगट खेळ. चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडणे हा तेथे गुन्हा नाही. तोच तर खेळ आहे. पण तो खाली पडल्यावर आणि शिट्टी वाजल्यावर कोणी त्याच्या अंगावर उडी घेतली, तर त्या संघाला पंधरा यार्डांचा दंड होतो. पाडणे आणि पडलेल्यावर तुटून पडणे यांतील भेद त्या दांडगट खेळालाही कळतो. सार्वजनिक चर्चा दांडगी असायला हरकत नाही. लोकशाहीत ती तशी असायचीच. तिला आज गरज आहे ती हा भेद ओळखण्याची, आणि तो ओळखण्यासाठी दोन गोष्टींना दोन नावे असावी लागतात.